पूर आला की आकडे सांगतात, गल्ली कोण सांगणार?

पंचगंगाकाठ

मंडळी, जुलै लागला की आमच्या कोल्हापुरात माणूस माणसाला रामराम घालत नाही, 'राजाराम किती?' विचारतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, राजाराम बंधारा म्हणजे कसबा बावड्याजवळचा पंचगंगेवरचा बंधारा, तिथली पातळी फुटात मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. पाचवीतल्या पोराला पण पाठ असतंय. तेव्हा लोकांना आकडे कळत नाहीत, जरा सोपं करून सांगा, असलं काही मला म्हणायचं नाही.

मला म्हणायचंय ते वेगळं. पाऊस लागला की व्हॉट्सॅपवर सूचना सुरू होतात, सगळ्यांचा साचा एकच. अमुक धरणाच्या सांडव्यावरून इतके क्युसेक (म्हणजे सेकंदाला इतके घनफूट पाणी) विसर्ग सुरू, त्यात वाढ होण्याची शक्यता, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. संपलं. आता मी नदीपासनं चालत दहा मिनिटांवर राहतो, मी नदीकाठचा का नाही? दारात पाणी आलं की होतोच नदीकाठचा, पण तोवर त्या मेसेजचं काय लोणचं घालायचं? आणि सतर्क राहायचं म्हणजे नक्की करायचं काय हो? रात्रभर खिडकीत बसायचं? गाडी वरच्या रोडला नेऊन लावायची? सिलिंडर माळ्यावर टाकायचा, की म्हातारीला घेऊन सरळ बहिणीकडं जायचं? यातलं एक तरी कुणी लिहितं का.

उलटं उदाहरण पण आमच्याच गावात आहे, सुतारवाडा. पाणी चढायला लागलं की तिथल्या कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवतात, जवळपास प्रत्येक पुराला. तिथं क्युसेकचं नाव कुणी काढत नाही. कुठली घरं, कधी उठायचं, जायचं कुठं, तिन्ही ठरलेलं. दरवर्षी गाठोडं बांधणं सुखाचं नसतं हे मान्य, पण निदान रात्री अकराला मेसेजचा अर्थ लावत तरी बसावं लागत नाही.

घोळ होतो तो पाणी नेहमीच्या जागा सोडून वर यायला लागतं तेव्हा. २०१९ ला नेमकं हेच झालं. सगळ्यांच्या डोक्यात २००५ चं पाणी बसलेलं. तेव्हा दुसऱ्या पायरीला थांबलेलं ना, मग यंदा फार तर तिसरी, असा हिशोब करून लोक सामान कट्ट्यावर ठेवून निवांत घरात. आणि पंचगंगा गेली ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ हायवे बंद, शहराची पाणीउपसा केंद्रं पाण्याखाली, दूध नाही पेट्रोल नाही. आकडा रोज मिळत होता, तासातासाला मिळत होता. पण '२००५ ची रेघ डोक्यातनं काढा, यंदा त्याच्या बरंच वर जाणार' हे एक वाक्य आमच्या गल्लीत कुणी येऊन सांगितलं नाही. २०२१ ला पाणी २०१९ पेक्षा थोडं वरच गेलं, पण आमच्या गल्लीतले लोक वेळेत बाहेर पडले कारण भिंतीवर २०१९ ची रेघ होती.

तर प्रश्न असा की ही रेघेची भाषा सरकारी सूचनेत का येत नाही? तुमच्याकडं काय चालतं ते लिहा. राजकारण नको प्लीज.

सांगलीची_सून

अगदी अगदी. आमच्याकडे कृष्णेवरचा आयर्विन पूल, ४० फूट इशारा, ४५ धोका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही मंडळी दरवर्षीची, त्यांच्या बॅगा भरलेल्याच असतात. २०१९ ला ५७ च्या पुढे गेलं तेव्हा ज्यांनी जन्मात पाणी बघितलं नव्हतं त्यांच्याकडे आलं. आमचं घर त्यातलंच. सासरे म्हणाले इकडे कधी येत नाही, विषय संपला.

रात्री रिक्षा फिरली स्पीकर लावून. बदाबदा पाऊस, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, दार उघडून गॅलरीत जाईपर्यंत ऐकू काय आलं तर 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की' आणि रिक्षा कोपऱ्यावरनं वळली. पुढचं वाक्य पुढच्या गल्लीला. सकाळी बघतो तर पार्किंगमधल्या स्कूटी फक्त आरशापुरत्या दिसतायत. त्या रिक्षावाल्याला मी काही बोलणार नाही, त्याच्या हातात जो कागद दिला तो त्यानं वाचला, आणि कागदावर आधी प्रस्तावना, मग कोण कळवतंय ते, मग मुद्दा. 'पाणी येतंय, पहाटेच्या आत घर सोडा, अमक्या शाळेत जा' हे पहिल्यांदा ओरडायला काय होतं?

टिंग्या

आरशापुरत्या स्कूटी 😅 सॉरी, हसायला नको होतं. +१ धाग्याला.

सांडवा_रिटायर्ड

पाटबंधाऱ्यात आयुष्य गेलं, आता पेन्शनर, त्यामुळे दुसरी बाजू लिहितो, चिडू नका.

एक, धरणावरच्या माणसाला कळतं ते एवढंच की आवक किती, साठा किती, सोडतोय किती. ११ हजार ५७४ क्युसेक पूर्ण दिवस सोडलं की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट होतं, हा आमचा पाढा. पण धरण ते तुमची गल्ली यामध्ये जो मोकळा मुलूख असतो, ओढे नाले उपनद्या, तिथे पडलेला पाऊस कुठल्याच धरणाच्या दारातनं जात नाही, सरळ नदीत येतो. कोल्हापूरचा पूर नुसता धरणांचा नसतो, त्यामुळे 'इतके क्युसेक म्हणजे तुमच्याकडे इतकं पाणी' असं सरळ गणित नाही.

दोन, राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, एकेकातून १४२८ क्युसेक. ते कुणी बटण दाबून उघडत नाही, पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात. तिथे आधी ठरवून वेळ कळवण्याची सोय तितकी नाही. कोयनेचं तसं नाही, तिथले वक्र दरवाजे माणूस उघडतो, त्यामुळे तिथे आधी सांगता येतं आणि सांगतातही.

तीन, हे जरा आतलं. 'सतर्क राहावे' का लिहितात? कारण ते कधीच चुकत नाही. मी लिहिलं की अमुक गल्लीत पहाटे चारला पाणी येईल आणि नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारं पत्र माझ्या टेबलावर. आणि ज्या गल्लीचं नाव राहिलं तिथे पाणी आलं तर चौकशीच लागली. सतर्क राहावे लिहिलं की दोन्हीकडून सुटका. धरणापासून तुमच्यापर्यंत हा निरोप पूरनियंत्रण कक्ष, जिल्हा, तहसील, तलाठी, पोलीस पाटील असा येतो आणि वाटेत प्रत्येकजण आपल्या अंगावर येईल असा शब्द काढून टाकतो. शेवटी उरतं ते तुम्ही वाचता.

पंचगंगाकाठ

काका, तिसरा मुद्दा लाखात एक. म्हणजे ती सूचना आमच्यासाठी नसतेच, नंतरच्या चौकशीसाठी असते.

सांडवा_रिटायर्ड

इतकं पण सरसकट म्हणू नका. रात्र रात्र जागून पातळी मोजायच्या गेजवर उभी राहिलेली पोरं बघितलीयत मी. पण कागदाबद्दल म्हणाल तर, हो.

कोथरूडचा_काका

पुण्याचं ताजं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २५ जुलै २०२४, सिंहगड रोडची एकतानगरी. रात्रीत खडकवासल्यातून विसर्ग वाढत वाढत ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला, पहाटे लोक उठले ते पाण्यात, लष्कर बोलवावं लागलं. नंतर नेहमीचा सामना, रहिवासी म्हणाले आम्हाला कुणी सांगितलं नाही, यंत्रणा म्हणाल्या कळवलं होतं. मला वाटतं दोघंही खरं बोलत असतील. पहाटे दोन तीनला कुठल्यातरी ग्रुपवर पडलेली पोस्ट म्हणजे कळवणंच की. झोपलेल्या माणसाला कळलं का, तो वेगळा विषय झाला.

आमच्या घरात अजून पानशेत धरण फुटल्याचा विषय निघतो. १२ जुलै १९६१. रात्रभर धरणावर जवान वाळूची पोती रचत होते आणि सकाळी खाली शहरात लोक डबा घेऊन कामाला निघालेले. वडील सांगायचे, पाण्याची बातमी आम्हाला पळणाऱ्या लोकांनी दिली.

कोडगा_कोडर

अहो पण आता सेल ब्रॉडकास्ट आहे ना. आठवतंय का, २०२३ ला सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, टेस्टिंगचा मेसेज आला होता? ते एसेमेससारखं नंबर शोधून जात नाही, एका टॉवरखाली जितके फोन तितक्यांवर एकदम पडतं, नेटवर्क कितीही जाम असलं तरी. म्हणजे फक्त एकतानगरीच्या टॉवरांना मेसेज टाकणं टेक्निकली शक्य आहे. एनडीएमएचं (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) सचेत ॲप पण आहे, आपलं ठिकाण टाकलं की अलर्ट येतात. टेक्नॉलॉजी अडलेली नाहीये, मजकूर अडलाय. फोन किंचाळणार आणि त्यात लिहिलेलं असणार 'सतर्क राहावे' 🤦

सांगलीची_सून

आणि लाईट गेली, टॉवरची बॅटरी संपली की? २०१९ ला आमच्याकडे तिसऱ्या दिवशी फोन म्हणजे नुसती टॉर्च, ती पण चार्जिंग असेपर्यंत.

कोडगा_कोडर

मान्य. तो मेसेज पाणी यायच्या आधीचा, नंतरचा नाही. पण आधीचाच तर सगळा धागा आहे ना?

अलमट्टीग्रस्त

सगळं खरं कारण कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे, ५१९ मीटरला पाणी अडवून ठेवतात आणि आपण इथं मेसेजच्या भाषेवर चर्चा

संपादक

अलमट्टीवर आधीच तीन धागे आहेत, शेवटचा चारशे प्रतिसादांवर बंद करावा लागला होता. तिकडे वाचा. इथे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

शिरोळकर_पाटील

शहरातली माणसं बोलायलीत तोवर आमचं पण ऐका. कृष्णा पंचगंगा आमच्यात एक होत्यात, नरसोबाच्या वाडीला, म्हंजे दोन्हीकडचं पाणी आमच्यात. तलाठी येतो, पोलीस पाटील येतो, चार चार येळा सांगून जात्यात, घर सोडा. सांगत न्हाईत असं न्हाई. पण माणसं का निघत न्हाईत? दावणीला म्हशी हाईत म्हनून. घर सोडा म्हनतासा, म्हशी कुठं बांधू? वैरण कोण देनार? धार कुठं काढू, दूध कुठल्या डेअरीला घालू? ह्याचं उत्तर मेसेजात न्हाई. मग घरात बाया पोरं पाठवून देतो आणि गडी माणूस म्हशीपाशी ऱ्हातो, आणि पाणी वाढलं की मग होडी. २०१९ ला ब्रह्मनाळला होडी उलटली, किती माणसं गेली सगळ्यांला म्हाईत हाय. ती माणसं काय हट्टी नव्हती.

एक वरीस आमच्या गावात सूचना अशी आली की अमक्या माळावर जनावरांची सोय केली हाय, वैरण हाय, पाण्याचा टँकर हाय, दुपारी तीनपातूर ट्रॅक्टर लावतोय. दुपारी दोनला निम्मं गाव रस्त्यावर. कुणी क्युसेक इचारलं न्हाई.

टिंग्या

पाटील साहेब 🙏 या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

तोक्योतला_मामा

इथे बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो, जपान कसं भारी असलं ज्ञान पाजळायचं नाहीये, कारण इथेपण आकड्यांनी घात केलाय. २०११ च्या भूकंपानंतर हवामान खात्यानं पहिला इशारा दिला त्यात इवाते किनाऱ्याला ३ मीटर त्सुनामी असा अंदाज होता. नंतर तो वाढवत नेला, पण तोवर कुठे लाईट गेलेली, कुठे लोकांनी पहिलाच आकडा ऐकून गावाच्या भिंतीवर भरवसा ठेवलेला. त्यानंतर २०१३ पासून पद्धत बदलली. फार मोठा भूकंप असेल आणि नेमका अंदाज येत नसेल तर पहिल्या इशाऱ्यात आकडा देतच नाहीत, 'प्रचंड' एवढंच सांगतात.

आणि २०२४ च्या १ जानेवारीला नोतोचा भूकंप झाला तेव्हा एनएचकेची निवेदिका अक्षरशः ओरडत होती. ताबडतोब पळा, थांबू नका, मागे फिरू नका, २०११ आठवा. स्क्रीनवर पण मोठ्या अक्षरात, लहान मुलांना आणि परदेशी लोकांना वाचता येईल अशा सोप्या लिपीत, 'त्सुनामी! पळा!' एरवी हे लोक बातम्या किती शांतपणे देतात ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल मी काय म्हणतोय. '२००५ ची रेघ विसरा' वाचलं आणि तेच आठवलं.

पंचगंगाकाठ

मामा, हेच हेच. पण आपल्याकडं कुणी साहेब असं ओरडला तर दुसऱ्या दिवशी पेपरात 'नागरिकांत घबराट' म्हणून छापून येईल. घबराट पसरू नये या एका काळजीपोटी किती माणसं निवांत घरात बसून राहिलीत याची मोजदाद कुणी करत नाही.

वाशिष्ठीचं_पाणी

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ बद्दल काय लिहू, मध्यरात्रीनंतर पाणी चढलं ते सकाळी बाजारपेठेत मजल्यापर्यंत. इथे वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका ७ मीटर. आमच्याकडे व्यापारी काय करतात, समुद्राची भरती कधी आहे बघतात, पोफळीकडे पाऊस किती आहे ते तिकडच्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारतात आणि मग माल वर चढवतात. सरकारी सूचना येते तोवर निम्मा माल वर गेलेला असतो. सूचना उशिरा येते असं नाही, पण तिच्यात भरतीची वेळ नसते, आणि आमच्या गावात भरतीशिवाय पुराला अर्थच नाही.

दुसरं म्हणजे पूररेषेच्या नकाशांवरची निळी रेषा लाल रेषा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदाची. हे नकाशे निघाले तेव्हा गावात चर्चा फक्त एकाच गोष्टीची, बांधकामाला परवानगी मिळणार का. तुमचं घर निळ्याच्या आत आहे तर पुरात कसं वागायचं, हे कुणी सांगायला आलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीपण विचारलं नाही.

सह्याद्रीतली_गुरवीण

नदीबद्दल सगळे बोलतायत, डोंगराबद्दल कोणी नाही. २०१४ ला मालीण गाडलं गेलं ते बाहेर कळलं कसं, तर एसटीच्या ड्रायव्हरला नेहमीच्या जागी गाव दिसेना म्हणून. २०२३ ला इर्शाळवाडीला रात्री दरड आली तेव्हा गाडीरस्ताच नव्हता, पायी चढून जायचं. अशा वाड्यांना रेड अलर्ट जातो तो अख्ख्या जिल्ह्याचा. रायगड रेड म्हणजे उरणपण रेड आणि डोंगरातली वाडीपण रेड. उरणवाला शाळेला सुट्टी आहे का बघतो. वाडीतल्यानं काय बघायचं? त्याला सांगायला हवं की जमिनीला भेग दिसली, झरा गढूळ झाला, झाडं कलली तर पाऊस थांबायची वाट न बघता निघा, आणि कुणाला फोन करा. खालनं वर सांगायचा रस्ता पण पाहिजे ना, की सगळी माहिती वरनंच खाली?

ड्युटीवरचा

नाव गाव सांगत नाही, मी त्याच साखळीतला आहे, अगदी खालचा. पुराच्या दिवसांत माझा फोन दिवसाला तीनशे वेळा वाजतो. त्यातले निम्मे 'धरण फुटलं का?' एक जुना व्हिडिओ फिरतो, कुठल्यातरी भलत्याच राज्यातला, आणि खाली आमच्या धरणाचं नाव. ते खोटं आहे हे सांगायला मला वरून परवानगी यावी लागते, ती येईपर्यंत दोन तास, तेवढ्यात माणसं जीपमध्ये बसून निघालेली असतात भलत्या दिशेला. सुट्टीच्या खोट्या पत्रांचं तर विचारूच नका, गेल्या वर्षीच्या पत्राची तारीख बदलली की झालं.

मी आता एक करतो. दर दोन तासांनी, नवीन काही नसलं तरी, गावच्या ग्रुपवर माझ्या आवाजात रेकॉर्डिंग टाकतो. पातळी इतकी, वाढतेय की उतरतेय, धरण व्यवस्थित आहे, पुढचं रेकॉर्डिंग इतक्या वाजता. लोक माझा आवाज ओळखतात त्यामुळे खोटं चालत नाही. आणि पुढची वेळ सांगितल्यापासून फोन निम्म्यावर आले. वरिष्ठांना हे माहीत आहे की नाही मला माहीत नाही, विचारलं तर बंद करा म्हणतील म्हणून विचारलंच नाही 🙂

सांडवा_रिटायर्ड

विचारू पण नका. चालू ठेवा.

पंचगंगाकाठ

ड्युटीवरचे साहेब, सलाम. पुढची वेळ सांगायची ही आयडिया मी आमच्या ग्रुपला पण वापरणार.

बरं, माझ्या डोक्यात एक आहे. साहेब लोकांनी रेघेची भाषा वापरेपर्यंत आपणच आपल्या पेठेची यादी करायची. राजारामला इतके फूट असलं की कुठल्या बोळात, कुणाच्या दारात पाणी असतं. २०१९ आणि २०२१ चे फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, फोटोवर वेळ असते, त्या वेळची पातळी त्या दिवशीच्या पेपरात सापडते. जोड्या लावल्या की झालं. मग मेसेज आला ४५ फूट, तर बघायचं यादीत.

दुधाळीचा_पप्या

यादीत मी आहे. फक्त एक चूक करू नका, नदीपासनं अंतर मोजत बसू नका. आमच्यात पाणी नदीकडनं येतच नाही पहिल्यांदा, नाल्याचं पाणी तुंबतं आणि घराच्या मागच्या गटारीतनं उलटं वर येतं, समोरचा रस्ता कोरडाठाक असताना. शेजारच्या गल्लीचं घर नदीच्या जवळ असून त्यांच्याकडं आमच्यानंतर येतं. त्यामुळं गटारीची झाकणं कुठल्या उंचीला आहेत ते बघा. आणि ड्रेनेजचा जुना मुकादम गाठा कुणीतरी, कुठलं झाकण आधी उसळतं ते त्याला झोपेत पण सांगता येतंय. रविवारी सकाळी मोकळा असेल तर मी येतो टेप घेऊन.